जड, दुष्फेन, टीडीएस : लातूरच्या पाण्याची तीन नावे

लातूर ही डाळीची पेठ आहे. भोवतालच्या काळ्या रानांतली तूर तिथल्या बाजारात येते, तिथल्या डाळमिलांत भरडली जाते आणि पोत्यांतून दूरदूर जाते. त्याच शहरातल्या अनेक स्वयंपाकघरांत मात्र बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार जुनी आहे. कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त कराव्या लागतात, चिमूटभर खायचा सोडा टाकावा लागतो, किंवा वरणापुरते नळाचे पाणी वेगळे राखून ठेवावे लागते. या पाण्याला घरातली बाई 'जड' म्हणते. तिच्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हटलेले असते. आणि जलशुद्धीकरण यंत्र विकायला आलेला माणूस पेनासारखे एक उपकरण पेल्यात बुडवून सांगतो, "ताई, तुमचा टीडीएस फार आहे." पाणी एकच आणि नावे तीन.

ही तिन्ही नावे एकाच गुणाची आहेत असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक नावामागे पाण्याची एक निराळी परीक्षा उभी आहे. ती परीक्षा कोणी घ्यायची, कशाने घ्यायची आणि निकाल कोणाच्या सोयीचा लावायचा, हेही त्या त्या नावात ठरून गेलेले आहे. मराठीच्या अध्यापकाने रसायनशास्त्रात लुडबूड करू नये हा आक्षेप मान्य आहे. परंतु शब्द आमच्या शास्त्राचे आहेत, आणि या तीन शब्दांच्या मागून चालत गेले तर एका मध्यम शहराच्या पाण्याचा बराच इतिहास हाती लागतो.

पहिला शब्द अर्थातच सर्वांत जुना. जेवण जड होते, डोके जड होते, पाऊल जड होते, तसे पाणीही जड असते. आयुर्वेदातल्या गुरु आणि लघु या गुणांच्या जोडीचे हे घरगुती रूप आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात द्रवद्रव्यांचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात पावसाचे, नदीचे, तळ्याचे, विहिरीचे, झऱ्याचे अशी पाण्याची वर्गवारी केलेली आहे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते ही नोंदही तिथे आहे. कोणत्या पर्वतातून निघालेल्या नदीच्या पाण्याने कोणता विकार होतो याचीही यादी आहे, आणि हिमालयातल्या नद्यांच्या पाण्याला तिथे इतर विकारांबरोबर गलगंडाचे कारण मानले आहे. आयोडीनचा शोध एकोणिसाव्या शतकातला, पण डोंगराळ मुलखात गळे सुजतात हे निरीक्षण त्याच्या कितीतरी आधीचे. 'पाणी लागणे', 'पाणी बाधणे', 'हवापाणी मानवणे' हे आपले वाक्प्रचार याच समजुतीच्या घराण्यातले आहेत. बारा गावचे पाणी प्यालेला माणूस बिलंदर का ठरतो, याचे उत्तरही त्यातच आहे. प्रत्येक गावचे पाणी वेगळे आणि ती सगळी पचवलेला तो.

या भाषेत पाण्याला विशेषणे भरपूर आहेत: गोडे, खारे, मचूळ, चवदार, गढूळ, निवळ, जड, हलके. यांतल्या बहुतेकांची कसोटी जीभ किंवा पोट ही आहे. 'जड' हे विशेषण त्याहून पुढे जाते, कारण त्याला चुलीवरचा पुरावा असतो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला धरून ठेवते आणि दाणा मऊ पडत नाही. सोडा टाकला की पाणी अल्कधर्मी होते, पेक्टिन सुटते आणि डाळ शिजते. हे रसायन ठाऊक नसतानाही निदान आणि उपाय दोन्ही बरोबर होते. प्रयोगशाळेत न गेलेल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या पाण्याचे पृथक्करण केले ते डाळीच्या दाण्यावर. त्याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही, ती फक्त एका विशेषणात शिल्लक आहे.

पाणी जड का होते याचे उत्तर लातूरच्या पायाखाली आहे. दख्खनच्या पठाराचा बहुतेक भाग ज्या बेसाल्ट खडकाचा आहे, त्याच्या थरांवर हे शहर वसले आहे. पावसाचे पाणी मुळात हलके असते. मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्ल होते आणि खडकातले कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवू लागते. वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकाच्या सहवासात, तितके ते जड होण्याचा संभव अधिक. म्हणून नदीचे, धरणाचे पाणी साधारणतः हलके आणि खोल बोअरचे जड. याच बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची सुंदर स्फटिकरूप खनिजे सापडतात. नाशिक, जळगाव, पुणे या भागांतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पाणी हलके करण्याची जी यंत्रे युरोपात निघाली, त्यांत वापरले गेले ते झिओलाइटच. ज्या खडकाने पाणी जड केले त्याच्याच पोटात त्यावरचा उतारा होता. अशी योजना एखाद्या कथालेखकाने केली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

जिभेच्या आणि डाळीच्या या परीक्षेबद्दल हळवे होण्याचा मोह मोठा आहे. आपल्या ललित निबंधांत गावच्या विहिरीचे 'अमृतासारखे' पाणी इतक्यांदा आले आहे की त्या विहिरीत दुसरे काय होते हे विचारायचे राहूनच गेले. मराठवाड्यातल्या पायऱ्यांच्या बारवा हे स्थापत्याचे वैभव खरे. पण पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याची सोय हीच नारूची सोय होती. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की पायाच्या जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात जात, ती सूक्ष्म जलजीवांच्या पोटात वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने हातभर लांबीचा जंत तयार होई. तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस हळूहळू बाहेर ओढावा लागे. नारूच्या पाण्याला ना वास होता ना चव. डाळ त्यात उत्तम शिजत असणार. त्याच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पायऱ्या बंद करणे, पाणी कापडातून गाळणे आणि हातपंप बसवणे हे या लढाईतले मुख्य उपाय होते. गोड पाण्याच्या विहिरीपेक्षा जड पाण्याचा हापसा निर्धोक होता, आणि हे जिभेला कधीही कळले नसते.

जिभेच्या परीक्षेला आणखी एक गोष्ट दिसत नव्हती, किंवा तिला ती पाहायची नव्हती. गोड्या पाण्याची विहीर कोणाची, हा प्रश्न. याचे सर्वांत बोलके उदाहरण लातूरपासून दूर, कोकणातल्या महाडला आहे, आणि ते नावातच आहे. चवदार तळे हे नाव म्हणजे पाण्याच्या गुणवत्तेचा अभिप्राय. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही अस्पृश्यांना तिथले पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ते घेतले गेले. त्यानंतर सवर्णांनी एकशे आठ घागरी पाणी उपसून, तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. पाण्याची शुद्धता हा शब्द मराठीत किती भार वाहतो ते इथे दिसते. शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतण्याच्या कृतीला शुद्धीकरण म्हणणारी परीक्षा पाण्याची नव्हतीच, ती माणसांची होती. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी स्पष्टच केले की प्रश्न त्या पाण्यावाचून अडण्याचा नव्हता, समतेचा होता. पुढे दाव्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली लागला. चवदार पाण्याची चव ज्यांना कधी घेऊच दिली नाही, त्यांच्या वाट्याला गावोगावी कोणत्या चवीचे पाणी आले, याचा शब्दकोश अजून कोणी केलेला नाही.

आता दुसरा शब्द. 'दुष्फेन' म्हणजे ज्याला फेस नीट येत नाही ते. हा परिभाषेसाठी घडवलेला शब्द आहे आणि घडणीने निर्दोष आहे. त्याचा जोडीदार 'सुफेन'. पण तो कसला फेस? साबणाचा. पाण्याच्या या गुणाचे मापन ज्या काळात रूढ झाले, तो इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गिरण्यांचा आणि धुलाईचा काळ होता. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली चुना वापरून पाणी हलके करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पाण्याचा कठीणपणा मोजण्याची त्यांची रीतही साधी होती. ठरावीक पाण्यात टिकाऊ फेस येईपर्यंत ठरावीक ताकदीचे साबणाचे द्रावण घालत राहायचे आणि किती लागले ते पाहायचे. कॅल्शियम साबणाशी संयोग पावून त्याचा साका करते, तेवढा साबण वाया जातो. म्हणजे कठीणपणा हा मुळात साबणाच्या नुकसानीचा हिशेब होता. पाण्याला 'दुः' हा उपसर्ग लागला तो साबणाच्या बाजूने.

आपल्याकडे ही अडचण तितकीशी जाणवत नव्हती, याचे कारण आपण रिठे आणि शिकेकाई वापरत होतो. त्यांच्यातले सॅपोनिन कॅल्शियमशी साका करीत नाही, म्हणून जड पाण्यातही रिठ्याला फेस येतो. साबणाच्या वड्या घरोघर आल्या तेव्हा जड पाणी दुष्फेन झाले. पुढे १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा आले. या कृत्रिम धुलाई पावडरी जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतात, आणि पाणी पुन्हा एकदा निमूटपणे वापरण्याजोगे झाले. शब्द मात्र पाठ्यपुस्तकात राहिला. 'दुष्फेन पाणी म्हणजे काय?' या प्रश्नाला गुण मिळतात, पण उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलाला आई ज्याला जड म्हणते ते हेच, असे क्वचितच कोणी सांगते. परिभाषेने बोलीशी नाते तोडले की काय होते याचे हे छोटे उदाहरण आहे.

साबणाखेरीज जड पाण्याचा दुसरा शत्रू होता बाष्पक. घरच्या बंबाला किंवा गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तोच वाफेच्या इंजिनाच्या नळ्यांना बसे. मग कोळसा जास्त जळे आणि बाष्पक लवकर निकामी होई. इंजिनाला कोणत्या स्थानकावर पाणी पाजायचे याचा विचार रेल्वे म्हणूनच काटेकोरपणे करीत असे. लातूरला आगगाडी आली ती १९११ मध्ये, एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फुटी रुळांची ही लहानशी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. मिरज ते लातूर हा मार्ग असा तयार झाला. पुढच्या हकिगतीसाठी तो लक्षात ठेवावा लागेल.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातल्या पाण्याची दिशा बदलली. विहिरी आटल्या आणि खडक भेदणारी यंत्रे आली. या यंत्रांनी केलेल्या विहिरीला सरकारने 'विंधन विहीर' आणि 'कूपनलिका' अशी नावे दिली. लोकांनी तिला 'बोअर' म्हटले आणि वरच्या पंपाला 'हापसा'. हापशाच्या इतिहासात आपल्या मुलखाचे नाव आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. देशभर पसरलेला 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सत्तरच्या दशकात तयार झाला. त्याच्या आधी मिशनऱ्यांच्या कामातून घडलेले जालना पंप आणि सोलापूर पंप होते आणि त्यांतल्या सोलापूर पंपाचा वारसा त्यात थेट उतरला. या पंपांनी पाणी रोगजंतूंपासून पुष्कळ वाचवले, आणि त्याच वेळी जड पाणी गावाच्या मध्यभागी आणून ठेवले. पुढे हापशाच्या जागी विजेचे पंप आले, शे-दोनशे फुटांचे बोअर दुष्काळागणिक खोल जात सहाशे-आठशे फुटांपर्यंत गेले, आणि पाण्याबरोबर खडकही अधिकाधिक वर येऊ लागला.

लातूर १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाले, शिक्षणासाठी आलेल्या मुलांनी भरले, २०११ साली तिथे महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या पुढे गेली. नळाला पाणी येते ते धनेगावच्या मांजरा धरणातून. हे पाणी तुलनेने हलके, पण धरण भरेल तेव्हा. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटले. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला, आणि १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली 'जलदूत' गाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या. ज्या वाटेवर एकेकाळी इंजिनाच्या पाण्याची काळजी वाहिली गेली, त्या मिरज-लातूर वाटेनेच आता इंजिन माणसांचे पाणी ओढत होते. रूळ रुंद झाले होते एवढाच फरक.

त्या उन्हाळ्यात शहराने दोन्ही पाणी एकाच वेळी अनुभवले. टँकरचे आणि बोअरचे जड पाणी, आणि अधूनमधून मिळणारे नदीचे पाणी. पावसाळ्यात धरण भरले, गाडी थांबली, पण टंचाईच्या त्या वर्षांत शहराला लागलेली एक सवय गेली नाही. ती म्हणजे वीस लिटरचा जार. आणि जारबरोबर तिसरा शब्द रुळला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण. विक्रेत्याचे पेनासारखे उपकरण ते थेट मोजतही नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून अंदाज सांगते. त्याला कॅल्शियम, नायट्रेट आणि फ्लोराइड यांच्यातला भेद कळत नाही. जंतू तर त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. नारूची बारव या उपकरणाने बिनदिक्कत पास केली असती. काही विक्रेते याहून पुढे जाऊन पाण्यात दोन लोखंडी कांड्या सोडून वीज लावतात. नळाचे पाणी तपकिरी होते, यंत्राचे तसेच राहते, आणि घरातली माणसे घाबरतात. ती घाण पाण्यातली नसते, झिजलेल्या लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, नसलेल्यातून वाहत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

आपल्या देशाच्या २०१२ च्या पेयजल मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात. म्हणजे जड पाणी डाळीला, साबणाला, बंबाला जितके जाचते तितके ते माणसाला जाचते असे म्हणता येत नाही. पण भीतीच्या बाजारात हा भेद टिकत नाही. आरओ यंत्र एक पेला 'शुद्ध' पाणी देताना बहुधा तितकेच किंवा त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी ही यंत्रे बंद करण्यास सांगितले, त्यामागे हाही हिशेब होता. ज्या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथे पाणी फेकून पाणी शुद्ध करावे याला काय म्हणावे?

भाषेत मात्र याचे परिणाम दिसू लागले आहेत. गोडे, मचूळ, हलके ही विशेषणे शहरातल्या तरुण मुलांच्या तोंडी फार कमी येतात. त्यांच्या जागी दोनच प्रकार उरले आहेत: प्यायचे पाणी आणि वापरायचे पाणी. पहिले जारचे किंवा यंत्राचे, दुसरे नळाचे किंवा बोअरचे. या जोडीत चव नाही, उगम नाही, फक्त किंमत आहे. ज्यांना जार परवडत नाही त्यांच्या घरी वापरायचे पाणीच प्यायचे असते, आणि ते कोणत्या नळाचे, कोणत्या बोअरचे, डाळ त्यात किती वेळात शिजते, हे तिथल्या बाईला अजून नेमके सांगता येते.